सिकलसेल: बोटावरच्या थेंबापासून गर्भाच्या रिपोर्टपर्यंत

सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार, आणि त्याची पहिली चाळणी म्हणजे सोल्युबिलिटी टेस्ट. तिची ट्यूब नुसती उजेडाकडे धरून वाचायची नसते. पांढऱ्या कार्डावर बारीक काळ्या रेघा ओढायच्या, ट्यूब त्या कार्डाच्या पुढे साधारण अडीच सेंटिमीटरवर धरायची आणि पाच मिनिटं पूर्ण झाल्यावर बघायचं. मागच्या रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. रेघा गढूळपणात बुडाल्या तर पॉझिटिव्ह. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात ज्यांनी शिबिरं केली आहेत त्यांच्या हाताला हे सवयीचं असतं. पण ही ट्यूब एकाच प्रश्नाचं उत्तर देते: रक्तात हिमोग्लोबिन एस, म्हणजे सिकलचं बदललेलं हिमोग्लोबिन, आहे की नाही. माणूस वाहक आहे (एकच जनुक सदोष, आजार नाही) की रुग्ण (दोन्ही जनुकं सदोष), हे ती सांगत नाही. नवरा-बायकोच्या होणाऱ्या बाळाला धोका आहे का, हे तर मुळीच नाही. पुढच्या तपासण्या करणाऱ्या आम्हा लोकांचा निम्मा वेळ या ट्यूबवरून आधीच काढलेले निष्कर्ष दुरुस्त करण्यात जातो.

द्रावणापासून सुरुवात करू, कारण बिघाड बहुतेक वेळा तिथेच असतो. एक लिटरसाठी २१५ ग्रॅम निर्जल डायपोटॅशियम फॉस्फेट, १६९ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, ५ ग्रॅम सोडियम डायथायोनाइट आणि १ ग्रॅम सॅपोनिन. डायपोटॅशियम आधी पाण्यात पूर्ण विरघळवायचं, मग दुसरं फॉस्फेट, मग डायथायोनाइट, शेवटी सॅपोनिन. सॅपोनिन तांबड्या पेशी फोडतं, डायथायोनाइट हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन काढून घेतं, आणि ऑक्सिजन गेलेलं एस हिमोग्लोबिन एवढ्या दाट फॉस्फेटमध्ये विरघळत नाही, म्हणून गढूळ दिसतं. यातलं सगळ्यात नाजूक म्हणजे डायथायोनाइट. डबा उघडा राहिला की हवेतली ओल ओढून पावडरचे गठ्ठे होतात आणि तिची ताकद जाते. अशा पावडरीचं द्रावण दिसायला अगदी ठीक असतं, फक्त सगळ्या गावाला निगेटिव्ह ठरवतं. म्हणून रोज पहिल्या नमुन्याआधी एक माहीत असलेलं वाहकाचं रक्त आणि एक नॉर्मल रक्त लावायचंच. वाहकाची ट्यूब गढूळ झाली नाही तर ती बाटली ओतून द्यायची. तयार द्रावण फ्रिजमध्ये सात दिवस टिकतं, पण वापरण्याआधी ते खोलीच्या तापमानाला आलेलं हवं. बर्फाच्या पेटीतून काढून लगेच ट्यूबमध्ये भरलेल्या द्रावणाचा भरवसा नाही.

ट्यूबमध्ये २ मिलिलिटर द्रावण, त्यात बोटाचं २० मायक्रोलिटर रक्त. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा, बोट पिळायचं नाही. आणि चिकटपट्टीवर नाव लिहून ती ट्यूबला लावायची ती टोचण्याआधी, नंतर नाही. आश्रमशाळेत एकाच वर्गात एकाच नावाची, एकाच आडनावाची दोन-तीन मुलं सहज निघतात. वडिलांचं नाव आणि हजेरीतला क्रमांक लिहिला नसेल तर नंतर कितीही महागडी मशिन आणा, तो घोळ निस्तरत नाही.

निगेटिव्ह आलेल्या ट्यूबचे काही ठरलेले सापळे आहेत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात अजून एफ, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिनच जास्त असतं, एस कमी, त्यामुळे रुग्ण बाळसुद्धा निगेटिव्ह येतं. बाळांसाठी ही ट्यूब वापरूच नये. टाचेतून रक्त घेऊन फिल्टर पेपरवर ठिपके घ्यावेत, ते आडवे ठेवून उन्हाबाहेर तीन-चार तास वाळवावेत आणि एचपीएलसीला (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या मशिनला) पाठवावेत. ॲनिमिया तीव्र असेल तर २० मायक्रोलिटर रक्तात हिमोग्लोबिनच पुरेसं नसतं. अशा वेळी रक्त सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा काढायचा आणि खाली बसलेल्या पेशींचे १० मायक्रोलिटर वापरायचे. उलट बाजूने, जेवणानंतरचं तेलकट झालेलं रक्त किंवा प्लाझ्मात प्रथिनं फार वाढलेलं रक्त एस नसतानाही गढूळ दिसतं. तिथेही धुतलेल्या पेशी घेतल्या की शंका मिटते. नुकतंच रक्त चढवलेल्या माणसाची ट्यूब तर वाचायच्या फंदात पडू नये.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. वय ४० पर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट. त्याबरोबर गावपातळीवर पट्टीचे किट आले. त्यांत ए (नॉर्मल हिमोग्लोबिन) आणि एस वेगवेगळ्या रेघांनी दिसतात, त्यामुळे वाहक आणि रुग्ण तिथेच वेगळे करता येतात. ट्यूबपेक्षा ही खरी प्रगती आहे. पण बीटा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिनची बीटा साखळी कमी बनण्याचा आनुवंशिक दोष) वाहक ना ट्यूबला दिसतो, ना पट्टीला. पुढची सगळी गडबड इथूनच सुरू होते.

म्हणून गरोदर बाई, तिचा नवरा आणि लग्न ठरलेली जोडी यांच्यासाठी आम्ही पट्टीवर थांबत नाही. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या) ट्यूबमध्ये २ मिलिलिटर रक्त, ट्यूब आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटी-सुलटी करायची, २ ते ८ अंशांत ठेवायची. गोठवायची नाही, गोठली की पेशी फुटतात आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) हातातून जातं. सीबीसी आणि एचपीएलसी दोन्ही लागतात, नुसती एचपीएलसी अर्धी माहिती देते.

एचपीएलसीच्या बीटा थॅलेसेमिया शॉर्ट प्रोग्रॅमला एका नमुन्यामागे साडेसहा मिनिटं लागतात. हिमोग्लोबिनचे प्रकार कॉलममधून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि कागदावर प्रत्येकाचा उंचवटा उमटतो: एफ एका मिनिटाच्या आसपास, मग ए, ३.३ ते ३.९ मिनिटांत ए-टू (नॉर्मल माणसातही थोडंसं असणारा प्रकार), ३.९ ते ४.३ मध्ये डी (एससारखाच आणखी एक बदललेला प्रकार), ४.३ ते ४.७ मध्ये एस. साध्या सेल्युलोज ॲसिटेटच्या इलेक्ट्रोफोरेसिसवर (विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिन वेगळं करण्याच्या पद्धतीत) डी आणि एस एकाच जागी येऊन बसतात, इथे ते सुटे होतात. आपल्याकडे डी-पंजाब अधूनमधून सापडतं, त्यामुळे ही सोय फार कामाची. सोल्युबिलिटी मात्र डी-पंजाबला निगेटिव्हच येते, हे दोन्ही कागद शेजारी ठेवून पडताळायचं. खोलीचं तापमान किंवा बफर बदललं की सगळे उंचवटे थोडे सरकतात. म्हणून दर बॅचला कंट्रोल, आणि टोटल एरिया (सगळ्या उंचवट्यांखालचं एकूण क्षेत्रफळ) दहा लाख ते तीस लाखांच्या बाहेर गेला तर नमुना पुन्हा चालवायचा. कमी एरिया म्हणजे रक्त कमी गेलं किंवा गुठळी अडकली.

कागद वाचताना पहिला प्रश्न: ए जास्त की एस जास्त? साध्या वाहकात ए नेहमी एसपेक्षा जास्त असतं, एस साधारण ३० ते ४० टक्के. अल्फा थॅलेसेमिया (अल्फा साखळीचा तसाच दोष) सोबत असेल, आणि आदिवासी पट्ट्यात तो बराच आहे, तर एस २५-३० पर्यंत उतरतं. लोहाची कमतरता असली तरी उतरतं. रक्त चढवलेलं नसताना एस जास्त आणि ए थोडंसं, असं दिसलं तर तो वाहक नव्हे, एस-बीटा थॅलेसेमिया (एक जनुक एसचं, दुसरं बीटा थॅलेसेमियाचं). ए अजिबात नाही, एस ७० ते ९० टक्के आणि बाकी बहुतेक एफ, तर एसएस, म्हणजे दोन्ही जनुकं एसची. पण एमसीव्ही (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान) खाली आणि ए-टू वर असेल तर एस-बीटा-झिरोसुद्धा (ज्यात ए मुळीच बनत नाही) हुबेहूब असाच दिसतो. तिथे आई-वडिलांचे नमुने मागवण्यावाचून गत्यंतर नाही. रुग्णाला गेल्या तीन महिन्यांत रक्त दिलं असेल तर दात्याचं ए मिसळून रुग्ण वाहकासारखा दिसतो, आणि फॉर्मवर हा रकाना कोरा असतो तो नेमका अशाच रुग्णाचा.

ए-टूबद्दल एक तांत्रिक गोष्ट, कारण यात नवीन पोरं हमखास फसतात. एस असलेल्या रक्तात एसचाच साखर चिकटलेला थोडा अंश ए-टूच्या खिडकीत येऊन पडतो. त्यामुळे साध्या सिकल वाहकाचं ए-टू चारच्या आसपास दिसलं म्हणून त्याला थॅलेसेमियाही आहे असं लिहायचं नाही. एस नसलेल्या माणसाचं ए-टू चारच्या वर आणि एमसीव्ही ८० च्या खाली, तर तो थॅलेसेमियाचा वाहक. ३.५ ते ४ मधली माणसं संशयात ठेवायची. लोह तपासायचं, ते कमी असेल तर भरून काढायचं, मग पुन्हा टेस्ट करायची.

आता नवऱ्याचा कागद. बायको एएस (सिकलची वाहक), नवऱ्याच्या पुढे शिबिराच्या रजिस्टरमध्ये ‘सोल्युबिलिटी निगेटिव्ह’, आणि त्या आधारावर ‘धोका नाही’ असा शेरा. माझ्या मते या साखळीत याहून घातक कागद दुसरा नाही. नवरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असू शकतो, डी-पंजाबचाही असू शकतो. तसं असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी की बाळाला एका बाजूने एस आणि दुसऱ्या बाजूने थॅलेसेमियाचं किंवा डीचं जनुक मिळेल, आणि असं बाळ एसएसइतकंच आजारी असू शकतं. नवऱ्याचं रक्त ईडीटीएमध्येच हवं, तेही बायकोच्या पहिल्या तपासणीच्याच आठवड्यात. ‘आधी बाईचं येऊ दे, मग दादाचं बघू’ असं केलं की तीन आठवडे हातचे जातात. ऊसतोडीला किंवा बांधकामावर गेलेला नवरा परत येईपर्यंत बाई पंधरा आठवड्यांची झालेली असते.

समुपदेशनात चारात एक हा आकडा बहुतेकांना चुकीचा कळतो. ‘पहिलं बाळ आजारी झालं, म्हणजे आता पुढचे तीन बरे’ हे वाक्य किती तरी घरांत ऐकू येतं. तिथे तक्ता काढून दाखवत बसण्यापेक्षा सरळ सांगावं: ‘ताई, मागच्या बाळाला काय झालं याचा पुढच्याशी संबंध नाही. प्रत्येक वेळी नव्याने चारात एक.’ सासूबाईंना सोबत बसवावं. दोष सुनेकडून आला असं घरात आधीच ठरलेलं असतं, आणि एक जनुक त्यांच्या मुलाकडूनही यावं लागतं हे त्यांनी आमच्या तोंडून ऐकलेलं बरं.

दोघांचा धोका पक्का झाला की गर्भाची तपासणी. सीव्हीएस म्हणजे वारेचा छोटा तुकडा, ११ ते १३ आठवड्यांत. दहा आठवड्यांच्या आत करू नये, बाळाच्या हातापायांत व्यंग येण्याचा धोका असतो. सोनोग्राफीत बघत पोटातून सुई घालून १० ते ३० मिलिग्रॅम ऊती काढतात. त्यामुळे गर्भपात होण्याचा जादा धोका सरावलेल्या हातात एक टक्क्याच्या आत असतो, आणि तो जोडप्याला आधी सांगावाच लागतो. आई आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन द्यायला विसरू नये. तेरा आठवडे टळले तर सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल, १५ ते २० मिलिलिटर. त्यातलं पहिलं एक-दोन मिलिलिटर टाकून द्यायचं, कारण सुईबरोबर आईच्या पेशी त्यातच येतात. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली नोंदलेल्या केंद्रातच हे करता येतं. फॉर्म जी वर बाईची लेखी संमती तिला समजेल अशा भाषेत घ्यायची.

नमुना हातात आल्यावरचं पहिलं काम मायक्रोस्कोपखालचं, आणि माझ्या लेखी अख्ख्या प्रक्रियेतलं सगळ्यात महत्त्वाचं. पेट्री डिशमध्ये सलाइन घ्यायचं, त्यात तुकडा पसरायचा. बाळाच्या बाजूचे तंतू पांढरे, फांद्या फुटलेले, टोकाला बारीक कळ्या असलेले, फ्लॉवरच्या तुऱ्यांसारखे दिसतात. काहींच्या आत तांबडी केशवाहिनी स्पष्ट दिसते. आईच्या बाजूची ऊती सपाट, धुरकट, बिनफांद्यांची असते आणि चिमट्याने ओढली की पापुद्र्यासारखी निघते. बारीक चिमटा आणि सुईने ती एकेक करून काढायची, रक्ताच्या गुठळ्या काढायच्या, सलाइन दोन-तीनदा बदलायचं. अर्धा तास लागला तरी चालेल. इथे आईचा एक पापुद्रा राहिला तर पुढचं मशिन त्याच्या लाखो प्रती काढतं, आणि एसएस गर्भ एएस दिसतो. साफ केलेल्या तंतूंचा थोडा भाग बाजूला राखून ठेवावा. पहिला प्रयोग फसला तर बाईला पुन्हा सुई टोचायची वेळ येऊ नये.

मग डीएनए. आई-वडिलांच्या रक्तासाठी सॉल्टिंग आउट पुरतं: तांबड्या पेशी फोडून धुऊन टाकायच्या, पांढऱ्या पेशी एसडीएस आणि प्रोटिनेज-के मध्ये रात्रभर, सहा मोलर मिठाने प्रथिनं खाली बसवायची, वरचा भाग गार इथेनॉलमध्ये ओतला की पांढऱ्या धाग्यांचा गुंता तरंगतो. २६० आणि २८० नॅनोमीटरचं गुणोत्तर १.८ च्या जवळ हवं. रक्त हेपॅरिनच्या ट्यूबमध्ये आलं असेल तर पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) अडतो. तंतूंचा डीएनए थोडाच असतो, त्यासाठी कॉलमचं किट वापरलेलं बरं.

शोधायचं आहे एकच अक्षर. अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिन जनुकात सहाव्या कोडॉनमध्ये, म्हणजे तीन अक्षरांच्या गटात, जीएजीचं जीटीजी झालेलं असतं, म्हणून ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. आणि हा योगायोग आमच्या सोयीचा: डीडीई-वन नावाचं कापणारं एन्झाइम जिथे कापतं ती खूण याच अक्षराने मोडते. म्हणजे तो भाग पीसीआरने वाढवायचा, ३७ अंशांवर एन्झाइम लावायचं आणि जेलवर पळवायचं. नॉर्मल प्रत कापली जाते, एसची प्रत तिथे अखंड राहते. १९८५ मध्ये पीसीआरचा पहिला शोधनिबंध आला तो याच जनुकावर, याच आजाराच्या निदानासाठी.

यातला सापळा अर्धवट कापण्याचा. एन्झाइम जुनं झालं किंवा डीएनएत इथेनॉल राहिलं तर नॉर्मल प्रतीही थोड्या अखंड राहतात, आणि नॉर्मल गर्भ वाहक दिसतो, वाहक गर्भाचंही वाचन बिघडतं. उपाय असा की वाढवलेल्या तुकड्यात डीडीई-वनची आणखी एक, कधीच न बदलणारी खूण येईल असे प्रायमर (पीसीआर कुठून सुरू व्हायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) निवडायचे. ती जागा पूर्ण कापली गेली नसेल तर ते जेल वाचायचंच नाही. शिवाय दुसऱ्या पद्धतीने, म्हणजे आर्म्स-पीसीआरने (नॉर्मल आणि बदललेल्या अक्षरासाठी वेगवेगळे प्रायमर), तोच निकाल यायला हवा. प्रत्येक वेळी सोबत आई, वडील, माहीत असलेले एए (नॉर्मल), एएस आणि एसएस, आणि डीएनए न घातलेली कोरी ट्यूब. कोऱ्या ट्यूबमध्ये पट्टा दिसला तर सगळी बॅच फेकायची. ‘फिकट आहे, चालेल’ हे इथे चालत नाही.

जोडप्यात एकाला थॅलेसेमिया असेल तर त्याचा बदल आधी हुडकावा लागतो. भारतात आयव्हीएस वन-फाइव्ह नावाचा बदल सगळ्यात जास्त आढळतो, त्याखेरीज कोडॉन १५, कोडॉन ३०, कोडॉन ४१/४२, कोडॉन ८/९ आणि आयव्हीएस वन-वन. सिंधी किंवा लोहाणा कुटुंब असेल तर ६१९ बेस जोड्यांची गळती (जनुकाचा तेवढा तुकडाच नाहीसा) आठवणीने बघायची. ती नेहमीच्या आर्म्समध्ये दिसत नाही, वेगळा गॅप-पीसीआर लागतो. हे सगळं गरोदरपणाआधी होऊन फाइलला लागलेलं असेल तर सीव्हीएसनंतरचं काम काही दिवसांत आटोपतं. नसेल तर आठवडे सरकत जातात.

रिपोर्टवर सही करण्याआधी शेवटची गाळणी: आई आणि गर्भ यांच्या एसटीआर खुणांची (माणसागणिक लांबी बदलणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांची) तुलना. गर्भात प्रत्येक खुणेची एक प्रत आईची आणि एक वडिलांची असायला हवी. आईच्या दोन्ही प्रती दिसल्या, त्यातली एक बुटक्या उंचवट्याची, तर नमुन्यात आईची भेसळ आहे, रिपोर्ट जात नाही. तयार किटमध्ये अमेलोजेनिन ही लिंग सांगणारी खूणही असते. ती नोंदवायची नाही, छापायची नाही, कुणी कितीही आडून विचारलं तरी सांगायची नाही. या खुणा अधूनमधून आणखी एक गोष्ट उघड करतात: वडील म्हणून नमुना दिलेला माणूस जैविक पिता नसतो. ते रिपोर्टात लिहायचं नाही. बाईशी एकटीशी बोलायचं आणि गर्भाचा निकाल द्यायचा.

गर्भ एएस असेल तर रिपोर्टमध्ये ‘वाहक, आजारी नाही’ हे मराठीत स्पष्ट लिहावं. पीएचसीत पोचेपर्यंत ‘पॉझिटिव्ह’ एवढाच शब्द उरतो आणि घरचे घाबरतात. एसएस असेल तर निर्णय जोडप्याचा. २० आठवड्यांच्या आत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो, म्हणून तर हे सगळं तेराव्या आठवड्याच्या आत बसवण्याची धडपड. हेही सांगायचं की आजार किती तीव्र असेल ते या टेस्टवरून कळत नाही; आपल्याकडच्या अरब-इंडियन प्रकारात एफ बऱ्याचदा जास्त टिकून राहतं, हायड्रॉक्सियुरिया हे औषध आहे, लहानपणी पेनिसिलिन आणि न्यूमोकॉकसची लस आहे. गर्भपात करा किंवा करू नका, यातलं काहीही आमच्या तोंडून येता कामा नये.

बाळ जन्मलं की नाळेच्या रक्ताचा किंवा टाचेचा नमुना, आणि वर्षाच्या आसपास एचपीएलसी. हा कागद गर्भाच्या रिपोर्टशेजारी लावायचा. प्रयोगशाळेचं निदान चुकलं होतं की बरोबर होतं हे कळायचा दुसरा मार्ग नाही, आणि नेमका हाच नमुना सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर तारीख लिहून द्यायची आणि गावच्या आशाताईंच्या डायरीत तीच तारीख टिपायला लावायची.